साठीची सायकल, सत्तरीचा फुटपाथ

१ एप्रिल, बुधवार

गल्लीत घरोघर फिरणारी सूचनांची फळी आज माझ्या दारात आली. नेहमी तिच्यावर कचरा कोणत्या दिवशी टाकायचा आणि कोणाचं मांजर हरवलं एवढंच असतं, म्हणून मी न वाचताच शिक्का मारून शेजारी देते. आज ठळक अक्षरं दिसली म्हणून थांबले. सायकलवाल्यांसाठी आजपासून नवा दंड सुरू. सायकल हे वाहन आहे, तिने रस्त्याच्या डाव्या कडेने जावं. फुटपाथ चालणाऱ्यांचा. ऐकलं नाहीत तर पावती हातात.

पहिल्यांदा तोंडातून शिवीच आली. आमच्या मोठ्या रस्त्यावरून दिवसभर गोदामांकडे ट्रक धावतात, त्यांच्या चाकांची उंची माझ्या छातीइतकी. त्या रस्त्यावर कडेने जा म्हणणारा साहेब स्वतः नक्की मोटारीतून हिंडत असणार. मग खालची बारीक अक्षरं वाचली. तेरा वर्षांखालची मुलं आणि सत्तर वर्षं पूर्ण झालेली माणसं यांना फुटपाथची मोकळीक.

मी बहात्तरची आहे. आजवर सरकारने मला कर भरायचे कागद आणि आतडी तपासून घ्यायची पत्रं सोडून काही पाठवलेलं नाही. ही पहिली कामाची वस्तू. देव्हाऱ्यातल्या नवऱ्याच्या फोटोला सांगितलं, "बघा, मेलात घाईने. दोन वर्षं थांबला असतात तर तुम्हालाही मिळालं असतं."

संध्याकाळी यासुए आली. ती माझी शाळेतली मैत्रीण, पहिलीपासून एका बाकावर. दोन वर्षांपूर्वी फुटपाथवर कोण्या शाळकरी पोराने सायकलीने तिला पाडलं आणि तिचा खुबा गेला. तेव्हापासून चाकांची ढकलगाडी पुढे लोटत चालते आणि सायकल दिसली की तिचे डोळे बारीक होतात.

"नियम चांगला आहे," ती म्हणाली. "फक्त सत्तरीवाल्यांना कशाला सोडलं? म्हातारी काय मऊ धडकते?"

"मग मी ट्रकखाली जाऊ?"

"रस्ता ट्रकवाल्यांच्या बापाचा आहे का? तुम्ही सगळ्या उतरा खाली. पन्नास बायका पुढे हळूहळू चालल्या की ट्रक आपोआप हळू होतील."

"आणि पहिली कोण उतरणार?"

"तू. तुझी जीभ बघून ट्रक थांबेल."

चहा पिऊन गेली. माझी सायकल दारात होती, तिला जाताना ढकलगाडीचा धक्का मारूनच गेली.

३ एप्रिल, शुक्रवार

आज मी एक मूर्खपणा केला आहे. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे सांगायची सोय नाही.

सभागृहात गाण्याचा सराव होता. आमचं मंडळ नऊ जणांचं, सात बायका, दोन पुरुष. त्या दोघांतले एक फक्त तोंड हलवतात. दुसरे उकाईसान. ते पाणीखात्यात होते, आयुष्यभर सायकलीवरून घरोघरचे मीटर वाचत हिंडले. बायको जाऊन सहा वर्षं झाली. आवाज खर्जातला, भरीव. जाताना रंगाच्या दुकानापर्यंत आमची वाट एकच असते, आणि ती वाट मला हल्ली आखूड वाटते. आता म्हटलंच आहे तर म्हटलं.

तर मंडळातल्या सुगेनोबाईंनी देवळातून लाकडी घोडे आणले होते, प्रत्येकीला एक. यंदा घोड्याचं वर्ष. "आपल्यात घोड्याच्या वर्षी जन्मलेलं कोण आहे?" त्यांनी विचारलं, आणि मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

हात वर गेल्यावर डोकं जागं झालं. वर्षांचे प्राणी बारा, दर वर्षी एक, म्हणजे घोडा बारा वर्षांनी येतो. आमच्या मंडळातली बाई घोड्याची असेल तर ती यंदा एक तर साठ, नाहीतर बहात्तर. आठ जणांची बोटं मांडीवर मोजू लागली. मी चाळीस वर्षं केशकर्तनाचं दुकान चालवलं आहे, माझ्या डोक्यावर एक पांढरा केस कोणाला दिसणार नाही. आणि उकाईसानांचा चष्मा खिशात होता.

"म्हणजे साठ," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

त्याच क्षणी 'नाही हो' म्हणायला हवं होतं. मी काय केलं? मी लाजले. बहात्तराव्या वर्षी मान खाली घालून लाजले.

सुगेनोबाईंनी मात्र श्वास आत ओढला. साठीचा घोडा म्हणजे आगीचा घोडा. त्या वर्षी जन्मलेली बाई नवऱ्याला गिळते असं म्हणतात, त्या भीतीने लोकांनी त्या वर्षी पोरं होऊ दिली नव्हती. "तुमचे यजमान?" त्यांनी हळूच विचारलं.

"गेले."

"अगं बाई." आणि त्यांनी खुर्ची वीतभर सरकवली.

माझा नवरा गेला तो तळलेल्या कोळंबीच्या तिसऱ्या ताटानंतर. त्यात माझ्या घोड्याचा काही हात नव्हता. पण हे सांगायला गेले तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. उकाईसान हसून म्हणाले, "आमच्या घरी थंडी फार असते, थोडी आग चालेल." सगळ्या हसल्या.

मला रात्रभर बरं वाटत राहील असं दिसतंय. हेच वाईट आहे.

७ एप्रिल, मंगळवार

पाप लगेच फळतं म्हणतात ते खोटं, चार दिवस लागले.

सरावाहून परतताना उकाईसान पुढे, मी मागे, दोघं नेहमीसारखे फुटपाथवरून. पुलाच्या अलीकडे पोलीस उभा. पोरगा पंचवीसचा, गालावर दाढी करतानाचा काप, छातीवर ताजिमा नाव. हात आडवा केला आणि कमरेत वाकला.

"माफ करा. नव्या नियमाप्रमाणे सायकली रस्त्यावरून. आपलं वय सत्तरच्या वर असेल तर गोष्ट वेगळी."

उकाईसान खाली उतरून खजील हसले. "मला अजून पाच आठवडे आहेत. नऊ मेपर्यंत दम धरता येईल का?"

"नाही धरता येणार, साहेब." मग तो माझ्याकडे वळला. "आणि आपण?"

पर्समध्ये कार्ड होतं. जन्मतारीख छापलेली, फोटोसकट. उकाईसान आपले माझ्याकडे कौतुकाने पाहत उभे.

"मी तुम्हाला सत्तरची दिसते का?" मी म्हणाले.

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "नाही, नाही, मुळीच नाही. नियमच आहे म्हणून विचारलं. मग आपणही रस्त्यावरून."

झालं. एका फुशारकीपायी मी ट्रकच्या रस्त्यावर. पुलावर तर कडेला पांढऱ्या पट्टीच्या आत पायभर जागा. मागून ट्रक आला की आधी रस्ता थरथरतो, मग हँडल, मग दात. एक गेला तो इतका जवळून की त्याच्या वाऱ्याने मी आत ओढली गेले. मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. कोणत्या देवाचं ते आठवत नाही, जो रिकामा असेल त्याचं.

रंगाच्या दुकानापाशी उकाईसान थांबले. "तुम्ही किती सरळ चालवता. साठीतली माणसं म्हणजे वेगळाच दम."

घरी येऊन अर्धा तास न्हाणीघराच्या पायरीवर बसले.

१४ एप्रिल, मंगळवार

उपाय सापडला. घरापासून रंगाच्या दुकानापर्यंत मी बहात्तरची, म्हणजे फुटपाथवर. तिथे उकाईसान भेटले की साठची, म्हणजे रस्त्यावर. परतताना उलट. जाऊन-येऊन फक्त पुलाचा भाग जीव मुठीत. एवढं आयुष्यात कोणीही करतं.

२१ एप्रिल, मंगळवार

यासुएने पकडलं.

मी फुटपाथवरून जात होते, पुढे ती आपली ढकलगाडी लोटत. फुटपाथ एवढा अरुंद की तिच्या शेजारून मांजरही जाणार नाही. घंटी वाजवायची नाही असा नियम, म्हणून मी तिच्या मागे पाय टेकत टेकत चालले. तिला चाहूल लागली, पण बाजूला होईल तर ती यासुए कसली. मुद्दाम थांबून भिंतीवरचं शेवाळ पाहू लागली.

"यासुए, सरक ना."

"चालणाऱ्याला घाई करायची नाही, फळीवर लिहिलंय."

"मला उशीर होतोय."

"मग उतर आणि ढकल. उतरलीस की तू चालणारी, मग आपण बहिणी."

उतरले. दोघी आपापली चाकं ढकलत रंगाच्या दुकानापर्यंत गेलो. तिथे उकाईसान उभे. ते मला म्हणाले, "चला, ओनुकीसान," आणि मी तिच्या डोळ्यांदेखत सायकल खाली घेतली, रस्त्यावर टांग टाकली. जाताना तिची ओळख करून द्यावी लागली.

"या यासुएसान. माझ्या… माझ्या थोरल्या बहिणीच्या वर्गातल्या."

मला बहीण नाही. यासुए कमरेत वाकून नमस्कार करून मोकळी झाली. ती सभ्य वागते तेव्हा घाबरावं.

संध्याकाळी तिचा फोन आला. शाळेतल्या नावाने हाक मारली. "मित्चान, खाली का उतरलीस तिथे?" मी सगळं सांगून टाकलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं रडते की काय, तर बया हसत होती. हसून झाल्यावर म्हणाली, "माझा खुबा एका पोराने मोडला, तो तेरा वर्षांचा होता, त्याला अक्कल नव्हती. तुला काय झालंय?"

"पुलावर चारशे पावलंच तर आहेत."

"मरायला एक पुरतं."

मी फोन ठेवला. हिला कोणी 'साठ' म्हटलेलं नाही, म्हणून सुचतं हे सगळं.

१२ मे, मंगळवार

आज खूप हसलो.

शनिवारी उकाईसानांना सत्तर पूर्ण झाली. आज रंगाच्या दुकानापाशी भेटले ते फुटपाथवरच, छाती काढून. "या, ओनुकीसान, खाली उतरा तुम्ही. हा आता माझा इलाका." त्यांना इतका आनंद की मला हेवाच वाटला. ते वर, मी खाली, मध्ये फुललेल्या अझेलियाची कमरेएवढी झुडपं. झुडपांवरून गप्पा मारत गेलो. ट्रक आला की मी वाक्य अर्ध्यावर सोडायची, तो गेला की ते विचारायचे, "हं, मग पुढे?" पुलाच्या तोंडाशी ताजिमा होता. उकाईसानांनी त्याला आपणहून कार्ड काढून दाखवलं. पोरग्याने वाकून अभिनंदन केलं.

सत्तरीला जांभळी वस्तू द्यायची रीत. मी जांभळी उशी शिवली होती, बसायची, आत कापूस गच्च. सरावानंतर सगळ्यांसमोर दिली आणि म्हटलं, "आजोबा, आता बेताने. कंबर सांभाळा. गाताना दात निसटला तर आम्ही पाहिलं नाही असं समजू." लोक पोट धरून हसले. सुगेनोबाई तर डोळे पुसत होत्या. उकाईसानही हसले. उशी दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले, आणि पिशवीत उलटी ठेवली, जांभळा रंग आत जाईल अशी.

परतताना ते वरून, मी खालून. फारसं बोलले नाहीत. वारा असेल, किंवा थकले असतील. सत्तरी म्हणजे सत्तरी.

१५ मे, शुक्रवार

उकाईसान आज परत रस्त्यावर. मी म्हटलं, "तुमचा इलाका?" तर म्हणाले, "वर कंटाळा येतो. शाळेची पोरं, बाबागाड्या. रस्त्यावर मजा आहे."

मला काय, सोबत झाली. आज पुलावर तितकी भीती वाटली नाही.

१९ मे, मंगळवार

उकाईसानांनी केस रंगवले. घरीच, डबीतला स्वस्त रंग, तोही कोळशासारखा काळा. कानाच्या पाळीला लागलेला डाग तसाच. बायकोच्या श्राद्धाला लोक येणार असतील म्हणून केलं असेल, पुरुषांना पाहुणे आले की सुचतं. मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "पुढच्या वेळी पेट्रोलियम जेली लावा कानाला." ते "हो का" म्हणाले आणि टोपी घातली.

सायकलही हल्ली जोरात हाणतात. पुलावर माझ्या पुढे जाऊन थांबतात, मागे वळून पाहतात. छातीचा भाता वरखाली होत असतो, तरी चेहरा असा की जणू उभेच होते. पुरुषांना सत्तरीनंतर मध्येच असं एक बालपण येतं, माझ्या दुकानात पुष्कळ पाहिली आहेत.

२६ मे, मंगळवार

नवे पळायचे बूट. लाल पट्ट्याचे. मला आवडले. जून महिन्यात हायड्रेंजियाचा बगीचा पाहायला याल का, असं विचारलं. बगीचा टेकडीवर आहे, सायकलीने दीड तास.

"दीड तास झेपेल तुम्हाला?" मी म्हणाले. गमतीने.

"मला न झेपायला काय झालं?" ते म्हणाले. गमतीने नाही.

मी हो म्हणाले. दीड तास रस्त्यावरून, म्हणजे माझंच काय खरं. पण तिथे पोचल्यावर सांगून टाकीन. नक्की. बगीच्यात, फुलांसमोर, चहा घेताना. माणूस खात असेल तर कमी रागावतो.

२९ मे, शुक्रवार

आजचं आजच लिहून टाकते.

सरावाहून येत होतो. उकाईसान पुढे वीस हात, मी मागे. पूल ओलांडल्यावर कडेला एक सामान पोचवणारी गाडी उभी. उकाईसान तिला ओलांडायला उजवीकडे झाले. गाडीचं दार उघडलं. मी ओरडले, ते ट्रकच्या आवाजात गेलं. त्यांनी हँडल मारलं आणि सायकल आडवी झाली. ते खांद्यावर पडले. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मागच्या ट्रकने ब्रेक मारला. ट्रक थांबला तेव्हा त्याचं चाक आणि उकाईसानांचं डोकं यांच्यामध्ये माझी छत्री बसली असती, एवढंच अंतर. टोपी चाकाखाली गेली होती.

मी रस्त्यात गुडघ्यांवर बसले. त्यांचा चेहरा कागदासारखा. "तुम्हाला लागलं नाही ना?" त्यांनी मला विचारलं. मला.

गाडीवाला पोरगा रडत होता. ट्रकवाला खाली उतरून लोकांना मागे सारत होता, आपलं जाकीट काढून त्याने उकाईसानांच्या डोक्याखाली ठेवलं. इतके दिवस मी ट्रकवाल्यांना काय काय म्हटलंय.

रुग्णवाहिका गेल्यावर ताजिमा वही घेऊन आला. नाव विचारलं, पत्ता विचारला.

"वय?"

"बहात्तर."

त्याची पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं, परत खाली पाहिलं, आणि लिहिलं.

"म्हणजे आपल्याला फुटपाथवरून जाता येत होतं."

"हो."

"उकाईसाहेबांनाही. त्यांचं कार्ड मी स्वतः पाहिलंय."

"हो."

"मग दोघंही रस्त्यावर का होता?"

तो रागावून विचारत नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. रकान्यात काहीतरी लिहायचं होतं त्याला. मी तोंड उघडलं, आणि माझ्याकडे पोलिसाच्या वहीत लिहिण्यासारखं काही निघालं नाही. शेवटी त्याने 'विशेष कारण नाही' असं लिहिलं आणि मी खाली सही केली.

३० मे, शनिवार

गळ्याजवळचं हाड, दोन ठिकाणी. शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. सभागृहाच्या कचेरीतल्या मुलीने फोनवर सांगितलं.

यासुए बटाट्याची कटलेटं घेऊन आली. मी जेवले नव्हते. मला वाटलं आता ही मला सोलणार, पण तिने कटलेटं ताटात वाढली. मग म्हणाली, "सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं की संपलं, यासुए. परत माझं तोंड बघणार नाहीत."

"सांगितलं नाहीस आणि ते बरे झाले, की परत रस्त्यावर येतील. तू आहेस ना तिथे."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते रस्त्यावर का येतात हे तिला कसं कळलं, विचारलं तर म्हणाली, "खा आधी, गार होतंय."

मला झोप नाही. त्यांच्याशिवाय शुक्रवार कसा काढायचा हे मला माहीत नाही, आणि हे मला ते पडल्यावरच कळावं, याची लाज वाटते.

२ जून, मंगळवार

दवाखान्यात निघाले. सरळ फुटपाथवरून, पुलावरसुद्धा. कार्ड गळ्यात दोरीने अडकवलं होतं, विचारेल त्याला दाखवायला. पुलाच्या तोंडाशी ताजिमा. मी स्वतःच थांबले, कार्ड पुढे केलं.

"नको, आजी," तो म्हणाला. "दाखवायची गरज नाही. या तुम्ही."

गरज नाही म्हणजे काय? मी दहा पावलं पुढे जाऊन थांबले आणि मागे वळून त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. मेल्याला सभ्यपणा कोणी शिकवला कोण जाणे.

दवाखान्यात नर्स म्हणाली, उकाईसान आज कोणाला भेटत नाहीत. फळं तिच्या हाती देऊन परत आले.

५ जून, शुक्रवार

आज भेटले.

खाटेवर उशांना टेकून बसले होते, खांदा पट्ट्यांत बांधलेला. केसांच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं आलं होतं, वर काळं. मला पाहून त्यांनी चांगला हात डोक्यावर नेला, झाकायला. झाकता येणार नव्हतं, म्हणून परत खाली घेतला.

वाटेत मी चार तऱ्हांनी वाक्य जुळवलं होतं. चारी विसरले.

"मी साठची नाही," मी म्हणाले. "बहात्तरची आहे. यासुए माझ्या वर्गातली आहे. मला बहीण नाही."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता, त्याने पान उलटायचं थांबवलं.

"म्हणजे मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान," उकाईसान म्हणाले.

"हो."

"आणि तुम्ही मला आजोबा म्हणालात. सगळ्यांसमोर."

"हो."

"मला सत्तरीचा आनंद झाला होता, ओनुकीसान. खराखुरा. माझे वडील बावन्नला गेले, भाऊ एकसष्टला. आमच्या घरात सत्तर कोणी पाहिलीच नाही. फुटपाथवर सायकल घातली तेव्हा वाटलं, बक्षीस मिळालं." ते थांबले, खांदा दुखत होता. "मग ती उशी घेऊन घरी गेलो आणि आरशासमोर उभा राहिलो. तोवर आरशात मी फक्त दाढी पाहायचो. त्या दिवशी म्हातारा पाहिला. म्हटलं, साठीच्या बाईशेजारून बालवाडीच्या पोरांच्या रांगेत कसं जायचं? म्हणून उतरलो खाली. केस, बूट, सगळं त्यासाठीच. टाळूला अजून खाज सुटते."

चाळीस वर्षं मी लोकांच्या डोक्याला रंग लावला. कोण लेकाच्या लग्नासाठी रंगवतो, कोण नव्या नोकरीसाठी, कोण बाईसाठी, हे मी मानेवरून टॉवेल काढायच्या आत सांगत असे. आणि हा माणूस माझ्यासाठी रंगवत होता ते मला दिसलं नाही, कारण मी स्वतःच्या साठीकडे बघण्यात गुंग होते. माझ्या खोट्याने मी तरुण झाले नाही. एका आनंदी माणसाला मात्र म्हातारं केलं, आणि मग ट्रकसमोर ढकललं. हे सगळं मी बोलले नाही, फक्त रडले. रुमाल विसरले होते, बाहीला नाक पुसलं.

शेजारच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्राआडून कागदी रुमालाची पेटी पुढे सरकवली.

"मला राग आलाय," उकाईसान म्हणाले. "थोडाथोडका नाही."

"येणारच."

"तो जायला वेळ लागेल."

"किती?"

त्यांनी खरोखर विचार केला. मीटर वाचणारा माणूस, अंदाजपंचे सांगणार नाही.

"साठीत असतो तर वर्षभर धरला असता," ते म्हणाले. "आपल्या वयात एवढा वेळ घालवून चालणार नाही. मंगळवारी या."

आपल्या वयात, असं म्हणाले. मी खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसले आणि पुन्हा थोडं रडून घेतलं. मग उठले आणि घरी आले. मंगळवारला चार दिवस आहेत.